ओढ्याकडची वाट

गुंजी,
४ जुलै २०२४

सौम्या,

तू माझा फोन घेत नाहीस, व्हॉट्सॲपवरूनही काढून टाकलंस, म्हणून पत्र. तुझा मडिकेरीचा नवा पत्ता तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडून मिळवला. द्यायला ती तयार नव्हती. आप्पांची तब्येत बिघडलीय असं खोटंच सांगितलं, तेव्हा दिला. आप्पा बरे आहेत. माझ्या हातचं दोन वेळा जेवतात.

इकडं रोज धो धो चालू आहे. सहाही कॉटेजना कुलूप आहे. तीन नंबरचं छप्पर गळायला लागलं म्हणून गाद्या आपल्या माडीवर आणून ठेवल्या. फाटकावरचा 'काजूबन' बोर्ड आप्पांनीच उतरवला आणि गोठ्याच्या भिंतीला उलटा टेकवून ठेवला. तुझं नाव घरात निघत नाही, हे तुला कळलेलं बरं.

लोक विचारतात. गुंजी स्टेशनवर उतरले की रिक्षावालासुद्धा म्हणतो, "आक्का, ती संकेश्वरची बाई जगली न्हवं?" मी म्हणते, "जगली." तो म्हणतो, "डोळा?" मी म्हणते, "एक गेला."

मला एवढंच म्हणायचंय की हे होणार होतं. रानाच्या कडेला माणसं आणून ठेवायची, त्यांची पोरं मोकळी सोडायची आणि वर पाटी लावायची की 'निसर्गाच्या कुशीत'. तिन्ही बाजूंनी सौरकुंपण घातलंस आणि ओढ्याकडची बाजू उघडी ठेवलीस, कारण तारांमुळं फोटो चांगले येत नाहीत. मी विचारलं होतं तुला. तू म्हणालीस, "आक्का, तिथं मंथन रोज सकाळी फेरी मारणार आहे, तू काळजी करू नको." धारवाडहून आणलेलं ते पोरगं, गळ्यात दुर्बीण आणि पायात हजारांचे बूट. त्याला अस्वलाची वाट काय कळणार? सातवीत असताना मी आप्पांबरोबर मधाला जात होते. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. पण मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला विचारायचं ते फक्त पोळ्या किती लाटायच्या.

आणि ती बाईसुद्धा. सकाळी सातच्या आत ओढ्यावर कशाला जायचं पोरीला घेऊन?

असो. आप्पांची औषधं मी वेळेवर देते. निपाणीला यांना कळवलंय की आणखी दोन महिने तरी येत नाही. दुकान ते बघतील.

माधवी


२६ जुलै २०२४

सौम्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

परवा खानापूरहून वनखात्याचे साहेब परत आलते. तुझी केस चालू आहे, म्हणून जागा पुन्हा बघायची होती. ओढ्यापर्यंत गेले, छत्र्या धरून मोजमाप केलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "कचरा कुठे टाकत होता?" कन्नडमधून. तू असतीस तर घडाघडा बोलली असतीस. त्यांनी तुला खुर्ची दिली असती, तू त्यांना कोकम सरबत दिलं असतंस आणि ते जाताना हसत गेले असते. मी उभीच राहिले. म्हटलं, "ड्रममधी. रोज गाडी न्यायची." तुझा नियमच तसा होता. झाकणाचे दोन ड्रम, सगळं ओलं त्यात, आणि संध्याकाळी गावातल्या गोबरगॅसला. त्यांनी लिहून घेतलं.

ते खरं नव्हतं.

मे महिन्यात फणस किती निघत होते तुला आठवतंय. तुला पाहुण्यांना फणसाची भाजी, सांदणं, तळलेले गरे सगळं द्यायचं होतं. रोज चारपाच फणस फोडायचे आणि त्यांची काटेरी चारखंडं, मधला पाव, बिया मिळून टोपल्याच्या टोपल्या व्हायच्या. ड्रम दुपारीच भरायचा. मी तुला तिसरा ड्रम मागितला. तू मोबाइलवर बोट फिरवत म्हणालीस, "आक्का, जरा नीट दाबून भर ना." माणसांसमोर. त्या हुबळीच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे टोपलं घेऊन ओढ्याच्या वाटेला बांबूच्या बेटामागं ओतायला लागले. दोन आठवडे.

पिकल्या फणसाचा वास अस्वलाला कुठनं कुठं पोचतो हे मला माहीत आहे. मंथनपेक्षा जास्त माहीत आहे. मी तेव्हा मनाला सांगितलं की ऊन आहे, दोन दिवसांत वाळून जाईल. वाळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिथं काहीच शिल्लक नसायचं, आणि मी म्हणायची, गाई खात असतील.

हे तुला लिहून टाकलं. आता तू काय करायचं ते कर. पण तिसरा ड्रम तू दिला नाहीस, हेही लक्षात ठेव.

माधवी


१८ ऑगस्ट २०२४

सौम्या,

काल संकेश्वरला जाऊन आले. आप्पांना सांगितलं निपाणीला जाते. बेळगावात बस बदलली. ऊस डोक्याच्या वर गेलाय, रस्त्यावरनं काही दिसत नाही.

प्रियदर्शनी पाटील, मराठी शाळेत शिकवते, एवढंच माहीत होतं. पहिल्याच पानपट्टीवाल्यानं घर दाखवलं. दार तिनंच उघडलं. पदर डाव्या बाजूनं पुढं ओढलेला. सौम्या, मी तिला त्या दिवशी रक्तात बघितलं होतं, तेव्हा वाटलं नव्हतं इतकं काल वाटलं. भुवईपासून हनुवटीपर्यंत तीन वळ आहेत आणि डोळ्याच्या जागी कातडं शिवलंय.

मी म्हटलं, "मी काजूबनातली. स्वयंपाकाला होते."

"सौम्याची आक्का ना तुम्ही?" ती म्हणाली. "या की आत."

तिनं चहा टाकला. कप देताना बशी टेबलाच्या कडेला आपटली. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, ती म्हणाली. हसली. मी सगळं सांगायचं म्हणूनच गेले होते. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली होती.

तेवढ्यात तिची पोर आली, ती सात वर्षांची. मला बघितलं आणि पहिला प्रश्न, "सौम्या मावशी आली न्हाई?"

मला कळेना. मग प्रियदर्शनीनं सांगितलं. बेळगावच्या दवाखान्यात अकरा दिवस तू तिच्या उशाशी होतीस. तिच्या आईला गुडघ्यामुळं जिने चढता येत नाहीत म्हणून प्रियदर्शनीचं न्हाणंधुणं तू केलंस. नंतर मडिकेरीहून दोनदा आलीस. पोरीला अस्वलाची स्वप्नं पडायची, तर तू तिच्याशेजारी झोपून तिला अस्वल कशाला भितं ते सांगितलंस. पोर मला म्हणाली, "अस्वलाला लांबचं दिसतच न्हाई नीट. ते बी घाबरतंय. मावशीनं सांगितलंय."

ते तुला कुणी सांगितलं होतं, सौम्या? मी सांगितलं होतं. तू चार वर्षांची असताना, काजूच्या राखणीला घेऊन जाताना, पाठीवर बसवून.

मला तिथं बसवेना. इतकं मोठं पाप पदरात घेऊन गेले होते आणि मला वाईट कशाचं वाटलं, तर ती पोर तुला मावशी म्हणते याचं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण खरं तेच आहे.

निघताना प्रियदर्शनीनं दारात विचारलं, "एक विचारू का? त्या दिवशी आम्हाला फेरी झाली, वाट मोकळी आहे म्हणून सांगितलं, मगच आम्ही निघालो. सहा पन्नास झालेले. त्या सकाळी खरंच कुणाला काही दिसलं नव्हतं का हो?"

मी म्हटलं, "न्हाई."

माधवी


९ सप्टेंबर २०२४

सौम्या,

गणपती बसले. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच.

आता ते लिहिते.

अठरा मेची संध्याकाळ. अंगणात पाहुणे जमले होते, प्रियदर्शनी, तिचा नवरा, पोर, आणखी दोन कुटुंबं. तू आप्पांना माइक दिलास आणि म्हणालीस, "आप्पा, ती अस्वलाची गोष्ट सांगा." मी भजी काढून आणत होते. ती गोष्ट माझी आहे. मी बारा वर्षांची होते, जांभळीखाली आप्पांच्या अंगावर अस्वल आलं. मी पळाले नाही. तेलाचा डबा दगडानं बडवत, ओरडत उभी राहिले आणि ते परत फिरलं. आई मरेपर्यंत ती गोष्ट पाहुण्यारावळ्यांना सांगायची.

आप्पा सांगत गेले. आणि शेवटी तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि ही माझी वाघीण, एवढीशी, डबा बडवत हुभारली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडं बघितलंस. तुला माहीत होतं. तू तेव्हा जन्मली नव्हतीस हे तुला माहीत होतं. तू नुसती हसलीस आणि म्हाताऱ्याला दुरुस्त केलं नाहीस.

नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "आक्का, आप्पांचं वय झालंय, मनावर घेऊ नको. माणसांसमोर त्यांचा पाणउतारा कशाला करायचा?" बरोबरच होतं तुझं. तुझं नेहमी बरोबरच असतं. माझं काय गेलं, ते तुला कळलं नाही. जमीन, नाव, कौतुक, आप्पांची खुर्ची, सगळं तुझ्याकडं गेलं तरी मी आले होते ना तुझ्या चुलीपुढं बसायला. ती एक गोष्ट तेवढी माझी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोपलं घेऊन गेले. उजाडत होतं. बांबूच्या बेटाजवळचं मोठं वारूळ बुडापासून उकरलेलं होतं, माती अजून ओली होती. शेजारी विष्ठा पडलेली, फणसाच्या बियांनी भरलेली. आणि वाटेवरच्या फुफाट्यात ठसे. मोठे, लांब नखांचे. आणि त्यांना लागून लहान. पिल्लू खाली उतरून चाललेलं. पिल्लाची आई किती वाईट, ते मला कुणी शिकवायला नको.

मी टोपलं तिथंच रिकामं केलं. परत आले. तू व्हरांड्यात केस विंचरत होतीस. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "सौम्या, आज ओढ्याकडं कुणाला सोडू नको." सहा शब्द.

मी मनात म्हटलं, तुझ्या शिकलेल्या माणसाला सापडू दे. आप्पांच्या वाघिणीला सापडू दे.

मंथन पुलापर्यंत फेरी मारून आला. बेट पुलाच्या पलीकडं होतं. तो "ऑल क्लिअर" म्हणाला तेव्हा मी कणीक मळत होते. मी ते ऐकलं. प्रियदर्शनी पोरीचा हात धरून स्वयंपाकघराच्या दारावरनं गेली. "काकू, काय वास सुटलाय!" म्हणाली. तेव्हाही मी बोलू शकत होते.

मग ती किंकाळी. तू डबा उचललास आणि बडवत पळालीस. तू गेलीस, सौम्या. मी दारात उलथनं धरून उभी होते. तू तिला सोडवलंस, ओढणीनं डोकं बांधलंस, जीपमध्ये मांडीवर घेतलंस. आणि मला त्या क्षणाला काय वाटलं सांगू? वाटलं, आता ती गोष्टसुद्धा तिची खरी झाली.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा.

माधवी


३ ऑक्टोबर २०२४

सौम्या,

मंथन आलता. त्याचं राहिलेलं सामान न्यायला. मी त्याला जेवायला वाढलं, कारण पहिल्या पत्रात त्याच्याबद्दल जे लिहिलं त्याची लाज वाटत होती. पोरगं वाईट नाही. भात कालवत बसलं आणि मान खाली घालून म्हणालं, "आक्का, तुमास्नी एक सांगू का? मॅडम रागावतील."

त्याचा एक कॅमेरा होता, रात्रीची जनावरं टिपणारा; एरवी डोंगराकडं असायचा, त्या आठवड्यातच त्यानं तो ओढ्याच्या वाटेवर बेटाजवळच्या झाडाला बांधला होता. तुम्ही दोघं दर सोमवारी त्यातलं कार्ड बघायचात. त्या आठवड्याचं कार्ड तू बेळगावहून आल्यावर बघितलंस. त्याच्यादेखत. चार वाजून दहा मिनिटांनी अस्वल, पाठोपाठ पिल्लू. पाच बावन्नला मी. कमरेवर टोपलं, वाकून ठसे बघतेय.

"मॅडम लई वेळ बघत बसल्या," तो म्हणाला. "मग कार्ड काढून खिशात घातलं. मी म्हटलं, मॅडम, हे पोलिसास्नी द्यायला पायजे, तुमच्यावरनं जाईल सगळं. तर म्हणाल्या, फाटकाच्या आत आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी माझी. कुंपण मी घातलं न्हाई. कार्ड रोज बघायचं ते मी आठवड्यानं बघितलं. आक्का माझ्याकडं कामाला होती. कुणाचं नाव घेऊ नको."

म्हणजे मेपासून तुला ठाऊक आहे. मी जुलैत पत्रात तुलाच शहाणपण शिकवत होते तेव्हा तुला ठाऊक होतं. मी 'गाई खात असतील' म्हणून लिहिलं तेव्हाही.

तुला वाटत असेल मी रडले. नाही. मला संताप आला. मंथन गेल्यावर मी त्याचं ताट इतक्या जोरानं आपटलं की आप्पा बाहेर आले. मला वाटलं, ह्यातही तू माझ्या पुढं. गुन्हा माझा, आणि तो पोटात घालून मोठं व्हायचं तूच. मी आयुष्यभर जे माझं माझं म्हणून कुढत बसले ते सगळं तुझ्याकडं आपसूक गेलं, आणि हे एक, जे खरोखर माझं एकटीचं, तेही तू विचारल्याशिवाय उचलून नेलंस.

हे तुला द्यायचं नाही. हे मी परत घेणार.

माधवी


२१ ऑक्टोबर २०२४

सौम्या,

तीन ठिकाणी सांगितलं.

आधी आप्पांना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोप्यावर बसवून सगळं सांगितलं. फणस, ठसे, आणि डब्याच्या गोष्टीचंही. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "डबा तू बडवल्यालीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय." "मला ती दिसती," ते म्हणाले. "डोळं मिटलं की तीच दिसती. काय करू मी?" आणि थोड्या वेळानं, "पर त्या बाईचा डोळा ह्याच्यापायी गेला व्हय गं?" त्यानंतर चार दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. गुळभात स्वतः टाकायचे. आता जेवतात. बोलत नाहीत.

मग खानापूर. जबाब कन्नडमध्ये लिहितात. साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'अस्वलाचे ठसे असावेत असं वाटलं' असं लिहिलं होतं त्यांनी. मला सवलत द्यायला असेल, किंवा माझं कन्नड कळलं नसेल. मी म्हटलं, "वाटलं नाही, साहेब. नोडिदे. पाहिलं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. खोडून परत लिहिलं. मी मराठीत सही केली. जुलैत ड्रमचं खोटं सांगितलं तेही लिहून दिलं. पुढं काय होईल ते वकील सांगतील. तुझ्यावरची केस उठणार नाही म्हणतात, कुंपणाचं तुझ्याकडं राहीलच. कॅमेऱ्याचं मी काही बोलले नाही. ते कार्ड तुझ्याकडं आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

आणि काल संकेश्वर. यांना निपाणीहून बोलावून घेतलं होतं, ते बाहेर रस्त्यावर थांबले. प्रियदर्शनीनं पोरीला शेजारी पाठवलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर पुन्हा चहा झाला असता. एकदा थांबले तेव्हा ती म्हणाली, "पुढं." शेवटी मी म्हटलं, "तुम्ही दारात विचारलंत, तेव्हाही मी खोटं बोलले."

ती खिडकीकडं वळून बसली. पदर सरकला तरी तिनं ओढला नाही. म्हणाली, "मी पाच महिने स्वतःला दोष देत होते. मीच पोरीला नेलं, मीच हट्ट केला, नवरा झोपला होता त्याला उठवलं नाही. सासू रोज तेच म्हणते." मग म्हणाली, "तुमच्या बहिणीशी तुमचं भांडण होतं, तर ते माझ्या पोरीच्या अंगावर घातलंत. मी मध्ये आले म्हणून मी. नाहीतर ती."



"माफी देऊ शकत नाही मी," ती म्हणाली. "आज तरी नाही. तुम्ही परत येऊ नका."

मी चप्पल घालत होते तेव्हा तिनं हाक मारली. "सौम्याला सांगा यायला. दसऱ्याला येते म्हणाली होती, आली नाही. पोर वाट बघून कंटाळली. तिला सांगा, मी सगळं ऐकलंय आणि तरी बोलावलंय."

बसमध्ये यांनी विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. ते म्हणाले, "फोन कर की सौम्याला." मी म्हटलं, ती घेत नाही.

खोटं कशाला बोलू, ते ऐकताना छातीत तेच जुनं काहीतरी टोचलं. तिचं दार मला बंद आणि तुला उघडं. बेळगाव येईपर्यंत टोचत होतं. पण यावेळी दार कुणी बंद केलं ते मला माहीत आहे. आणि निरोप माझ्याकडं दिलाय. मे महिन्यात एक निरोप मी पोचवला नाही, हा पोचवते.

रविवारी जा. शनिवारी तिची अर्धी शाळा असते आणि उन्हातून आली की तिचं डोकं दुखतं.

माधवी